दोन पसे बाजरी

...आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, दोन पसे बाजरीनं असा कोणता डोंगर कोसळणार आहे?" कोसळतो! अहो, कोसळतो म्हणजे काय... तुम्हाला सांगते, ऐका, हसू नका, हसायचं नंतर! मी शॅरन, माहेर श्रीरामपूरचं, नोकरी कृषी सहायकाची, पारनेर तालुक्यात, आणि पीक कापणी प्रयोग नावाची जी काही भानगड असते ती दरवर्षी माझ्या गळ्यात. म्हणजे काय, तर बाजरी किती पिकली हे सरकारला कळायला नको? आता गावातली सगळी बाजरी कोण मोजत बसणार? म्हणून मोबाईल सोडत काढतो, कुणाचं तरी वावर निघतं, त्यात दोरी लावून एक तुकडा आखायचा, तेवढ्यातली कणसं खुडायची, बडवायची, उफणायची, वजन करायचं आणि आकडा वर पाठवायचा. त्यावरून गावाचं पीक ठरतं, गावांवरून तालुक्याचं, मग जिल्ह्याचं, आणि असं चढत चढत दिल्लीत कुणीतरी टीव्हीवर सांगतं की यंदा देशाची शेती इतकी वाढली! कुठून वाढली? माझ्या दोरीतून! आणि त्या दोरीत चुकून पसाभर जास्त पडलं ना, तर वर जाईस्तोवर त्याचे ट्रक होतात, ट्रक! म्हणून माझं आपलं एकच म्हणणं... जेवढं पिकलं तेवढंच!

तर यंदा सोडतीत निघालं कानिफनाथचं वावर. पावसानं ऐन फुलोऱ्यात पाठ फिरवलेली, कणसं बोटाएवढी, त्यात निम्मी फोल. मला वाटलं गाव हळहळेल. कसलं हळहळतंय! आख्खं गाव बांधावर जमलं, लग्नाला आल्यासारखं. कारण आकडा कमी आला की सगळ्या गावाला पीकविमा लागू! सरपंच आसाराम तर माझ्या पायाच पडायचा बाकी होता. "ताई, देव पावला बगा! असलं भिकार वावर आख्ख्या शिवारात दुसरं न्हाई!" आणि हे कुणासमोर? कानिफनाथच्या म्हाताऱ्या आईसमोर, बनुबाईसमोर! ती बिचारी खळ्यावर हळदीकुंकू, नारळ घेऊन उभी. एवढीशी रास पाहून बाईचं तोंड असं उतरलं म्हणता... मलाच कसंतरी झालं. पण मी काय करणार? जेवढं पिकलं तेवढंच!

मी काट्यावर पिशवी ठेवायला वळले, आणि मागून आवाज आला, "लाभ!" आमच्याकडे रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. वळून बघते तर बनुबाईनं ओच्यातून पसाभर बाजरी काढून माझ्या राशीत ओतलेली! मी "आजी!" म्हणेपर्यंत "दोन!" म्हणून दुसराही पसा आत! गेल्या वर्षीची, कणगीतली, टपोऱ्या दाण्याची बाजरी!

"आजी, हे काय केलंत?"

"काय केलं? आमच्या खळ्यावर आलेलं मानूस सपाट माप घिऊन गेलंय का कवा? ही बाजरी तू दिल्लीला धाडनार. तितली लोकं काय म्हनतील? कानिफनाथची आई जित्ती हाय का मेली?"

"अहो आजी, बाजरी नाही जात दिल्लीला, आकडा जातो!"

"मंग आकड्याला तरी पोटभर जाऊ दे की!"

आता बोला! पुढं जो काय गोंधळ झाला... आसाराम किंचाळला, "काडा! काडा आदी! म्हातारे, गावाचा विमा बुडवतीस व्हय?" आणि दोन्ही हात कोपरापर्यंत राशीत! वर मला म्हणतो कसा, "ताई, दोन तर काडायचेच हायेत, हात घातलाच हाय तर चार काडतो, तेवढंच गावाचं कल्यान!" इकडं विमा कंपनीचा माणूस, सकाळी बूट खराब होतील म्हणून वावरात उतरेना, तो आता हात जोडून पुढं! "नको, नको! राहू द्या! माउलीची भावना आहे हो ती! परंपरा आहे आपली!" मेल्या, परंपरा? आकडा वाढला की तुझ्या कंपनीचं देणं टळतं, ती परंपरा होय? मी सरळ राशीवर आडवे हात पसरून उभी राहिले. म्हटलं, रास कुणीही शिवायची नाही! जास्त नाही, कमी नाही, जेवढं पिकलं तेवढंच!

मग बनुबाईला म्हटलं, आजी, तुम्ही घातलेत, तुमचाच हात, तेवढे तुम्हीच काढा. तर ती उंबऱ्यासारखी ढिम्म! "राशीतनं माघारी दाना काडायचा? माज्या हातानं? सासूनं शिकवलंय, राशीत घालायचं, उलटं काडायचं न्हाई. मला मारलंस तरी न्हाई!" आणि दाणे वेगळे तरी कसे करणार सांगा ना? बाजरी ती! निवडत बसले असते तर पुढचा खरीप आला असता!

साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे आमचे, आवाज एकदम साजूक तूप. "शॅरन मॅडम, आज शेवटची तारीख आहे. पोर्टल बंद होईल. ॲडजस्ट करा ना. टाका काहीतरी अंदाजे." अंदाजे! अहो, अंदाजेच टाकायचं होतं तर मला उन्हात कशाला उभं केलंत? ऑफिसात पंख्याखाली बसून टाकला असता की अंदाज, चहा पीत पीत! म्हटलं, साहेब, अंदाज टाकणार नाही. "मग मेमो काढावा लागेल." काढा! दोन काढा! जेवढं पिकलं तेवढंच!

फोन ठेवला आणि खरं सांगते, रडू आलं. सही माझी, नाव माझं, आणि खरं काय ते लिहावं असं त्या आख्ख्या खळ्यावर एकालाही वाटत नव्हतं. डोळे पुसले तशी बनुबाईच जवळ आली, पाठीवरून हात फिरवला. "रडती कशापायी ल्येकी?" आणि त्या 'ल्येकी'नं डोक्यात उजेड पडला! म्हटलं, आजी, मी लेक ना तुमची? मग लेक निघालीय, रिकाम्या हातानं पाठवता? मघासारखेच दोन पसे द्या मला, त्याच कणगीतले, वेगळ्या पिशवीत! बाईचा चेहरा असा खुलला! राशीतून काढायचं नाही, पण लेकीला द्यायला कुणाची बंदी? गेली, ओचा भरून आली. "लाभ... दोन..." आणि तिसरा! मी पिशवी ओढली. "आजी, बास!"

"ल्येकीला मोजून द्यायचं व्हय?"

व्हय! आजच्या दिवस मोजूनच! तिसरा पसा तिच्याच हातात परत दिला, पिशवीचं वजन केलं, राशीच्या वजनातून वजा केलं, सगळ्यांसमोर, फोटो काढून. कंपनीवाल्यानं सही अशी केली, जणू रक्त काढून घेतंय कुणी. आणि माझ्या पिशवीतली ती बाजरी, देशाच्या उत्पन्नातून वजा झालेली, मी घरी नेली, भाकरी केली आणि खाल्ली! गोड लागली हो.

संपलं? कसलं संपतंय! पुढं नगरला आमचं प्रशिक्षण. विषय काय, तर आकडेवारीची गुणवत्ता सुधारणे! मोठा पडदा, रंगीत आलेख, आणि त्यात माझं गाव... चांगलं गुटगुटीत! मी उभी राहिले. साहेब, हा आकडा माझा नाही. साहेब साजूक तुपात म्हणाले, "तुमचा आकडा आजूबाजूच्या गावांपेक्षा फारच खाली होता हो मॅडम, आलेखात खड्डा दिसत होता. थोडासा वर घेतला. बरं दिसतं."

बरं दिसतं! म्हटलं, साहेब, कुणाच्या कणगीतून वर घेतलात? बनुबाईंनी निदान खरी बाजरी तरी ओतली होती, तुम्ही तर नुसती हवा ओतलीत! खड्डा आहे तर दिसू द्या ना खड्डा! पाऊस पडला नाही तिथं खड्डाच पडणार! "बसा मॅडम." नाही बसत! फोटो आहेत, सह्या आहेत, कंपनीचीसुद्धा सही आहे. आकडा दुरुस्त होईपर्यंत मी बसणार नाही, जेवण झालं नाही तरी चालेल. झाला! दुपारच्या आत झाला! मेमोही मिळाला, सभेत उद्धट वर्तन केल्याचा. मिळू दे. जेवढं पिकलं तेवढंच!

तर गावाला विमा मंजूर झाला. आणि परवा मला सत्काराला बोलावलं, मारुतीच्या पारावर, शाल-श्रीफळ, माईक, सगळं. मला वाटलं, चला, एका तरी गावाला खरं काय ते कळलं! आसारामनं माईक हातात घेतला. "मंडळी, आपल्या ताईनं आपल्यासाटी लई मोटं काम केलं! सायबाशी भांडली, मेमो खाल्ला, पन आपली बाजरी कमी दावली म्हंजे दावली!"

टाळ्या! अहो, टाळ्याच टाळ्या! समोर बनुबाई, तोंड फिरवून बसलेली. "ल्येकीवानी दोन पसे दिले, आनि माजंच खळं कमी दावलंस व्हय गं?" मी आसारामच्या हातातून माईक ओढला, घसा ताणून ओरडले, "मी काही कमी दाखवलेलं नाही! जेवढं पिकलं तेवढंच लिहिलंय!"

तर आसाराम माझ्या कानाशी वाकला, डोळा मारला आणि म्हणाला, "अगदी अस्संच म्हनायचं ताई. वरून चौकशीला आले तरी. आनि फुडच्या साली... अजून थोडी कमी बगा की!"