तातय्यांची म्हैस

मुलांनो, अशी कल्पना करा: राजमहेंद्रीच्या थिएटरात नवा सिनेमा लागलाय. आत सोडायच्या रांगेत माझ्यापुढे एक लेखक आजोबा आणि त्यांना तेलुगूत तातय्या म्हणणारी त्यांची नात हारिका उभी आहेत.

"खिशात काय कोंबलंयस गं?"

"कागदाचे कपटे. तुमचं नाव आलं की उधळणार."

"वाया जातील. आधी हिरोचं नाव येतं. तेव्हा जी उधळण होते, तिच्यात माझं नाव मलाही दिसत नाही."

"पण तातय्या, गोष्ट तुमचीच ना?"

"माझ्या पुस्तकातला मास्तर सत्तर वर्षांचा होता. हिरो म्हणाला, वय तेवढं कमी करा. मग मास्तर नाचायला लागला. मग गुंडांना आपटायला लागला."

"आणि तुम्ही लिहून दिलंत?"

"दिलं की! नाच तर झकास जमलाय."

"मग तुमचं काहीच नाही उरलं?"

"एक म्हैस उरलीय. नाचता येत नाही म्हणून वाचली बिचारी."

आत मी त्यांच्या मागेच बसलो. नावं आली तेव्हा कपट्यांमुळे पडदाच दिसेना. हारिकाचा हात खिशातच राहिला. थोड्या वेळाने पडद्यावर रवंथ करत म्हैस आली. सगळं थिएटर गप्प होतं. हारिका खुर्चीवर चढली आणि खिसा रिकामा होईपर्यंत म्हशीवर कपटे उधळत राहिली.