करवंदवाडी शाखेच्या सभेची वही

दि. ९ एप्रिल २००३, सकाळी ११ वाजता

मी, सौ. मथुरा दत्ताराम बाईत, वय ५२ वर्षे, शिक्षण जुनी मॅट्रिक, धंदा घरकाम, रा. मौजे करवंदवाडी, ता. राजापूर, जि. रत्नागिरी, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, कोकण रयत पक्षाच्या आमच्या गावशाखेची मी १९९८ पासून चिटणीस आहे. सभेत ठरले ते लिहायचे आणि वही सांभाळायची, हे काम तेव्हा सर्वांनी हात वर करून माझ्याकडे दिले. वही माझ्या घरी देव्हाऱ्याखालच्या फळीवर असते. ती मी चोरली, अशी शाखाध्यक्ष गुरुप्रसाद आग्रे यांची तक्रार आहे. त्याबाबत माझे म्हणणे असे.

पूर्वी आमच्यात मतदान होई. भांडणेही होत. गेली दोन वर्षे अध्यक्ष "वरून आलंय" एवढेच सांगतात. कोणी प्रश्न विचारला की त्याचे नाव डायरीत लिहून घेतात.

दि. ९ मार्च, रविवारी, सकाळी दहाला जाकादेवीच्या देवळात सभा भरली. रिवाजाप्रमाणे आधी देवीला गाऱ्हाणे. एकाने मागणे मागायचे आणि प्रत्येक मागण्यामागे सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे. आमच्याकडे मुलांना हे बोलता येण्याआधी येते. नेहमी दादू गुरव गाऱ्हाणे घालतो. त्या दिवशी अध्यक्ष म्हणाले, मीच घालतो. पाऊसपाणी वेळेवर पडू दे. व्हय म्हाराजा. मुंबईच्या चाकरमान्यांना सुखी ठेव. व्हय म्हाराजा. आणि त्याच दमात, "ह्या गुरुप्रसादाला कायमचा अध्यक्ष ठेव, त्याच्या शब्दाबाहेर कोण जाऊ नये." सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मीही म्हणाले. माझे डोळे मिटलेले होते. उघडले तो अध्यक्ष सांगत होते, "वैनी, लिवा. एकमताने मंजूर."

उपाध्यक्ष सुलेमानभाई काझी नेहमीप्रमाणे बाहेर पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "गुरू, मी तर तोंडच उघडलं नाय. मग एकमत कसलं?" अध्यक्षांनी डायरी काढली. तिसऱ्या दिवशी सुलेमानभाईंना पक्षातून काढल्याची चिठ्ठी गेली. आमची शाखा सुरू झाली ती त्यांच्याच पडवीत. मला काय वाटले, हे विचारलेले नाही, म्हणून लिहून देत नाही.

दि. ६ एप्रिलला पुन्हा तिथेच सभा झाली. अध्यक्षांचा घसा बसला होता. गावचे मानकरी आप्पा मांडवकर, वय ७८, हेही शाखेचे सभासद आहेत. ते म्हणाले, "आज गाऱ्हाणं मी घालतो." अध्यक्ष हात जोडून पुढेच उभे राहिले. भात पिकू दे. गुरंढोरं सांभाळ. "गुरुप्रसादाचं कायमचं पद आजपासून सुटू दे, आणि सुलेमानला त्याच्या जाग्यावर परत बसव." व्हय म्हाराजा. अध्यक्षांचा आवाज, घसा बसलेला असूनही, मला स्पष्ट ऐकू आला. मी लिहिले, "एकमताने मंजूर, अध्यक्षांसह."

अध्यक्ष म्हणाले, "आप्पा, ह्यो काय ठराव झाला?"

आप्पा म्हणाले, "मागच्या खेपेला झाला, तसाच झाला."

"अहो, मी सवयीनं बोललो!"

"मग आमी काय पोथीत बघून बोललेलो?"

कोणीतरी हसले. कोण ते सांगता येणार नाही, मी मान खाली घालून लिहीत होते. आप्पांशी माझे आधी बोलणे झाले होते काय, असे विचारले. शनिवारी मी त्यांना कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी नेऊन दिली होती. बोलणे भाजीचे झाले.

त्याच दिवशी सायंकाळी पाचला अध्यक्ष माझ्या घरी आले. वही मागून घेतली आणि म्हणाले, "हे पान फाडतो." मी चहा ठेवला आणि सांगितले, "फाडा, पण आधी उलटून बघा." कागद वाया जाऊ नये म्हणून मी दोन्ही बाजूंनी लिहिते. त्या पानाच्या एका अंगाला त्यांना कायमचे अध्यक्ष करणारा ठराव आहे, पाठीला त्यांना काढणारा. त्यांनी पान चार वेळा उलटसुलट केले. चहा निवला. मग म्हणाले, "मागचं तेवढं खोडा आणि माफी लिहून द्या, नायतर तुमचंपण नाव डायरीत." मी सांगितले, देवीसमोर झाले ते मी खोडणार नाही, पुढचेही नाही आणि मागचेही नाही. वही ठेवून ते गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ही तक्रार दिली.

वही आज सोबत आणली आहे. पाने मोजून घ्यावीत व मला पोच द्यावी. यापुढच्या सर्व सभा रद्द, असे अध्यक्षांनी शाखेच्या फळ्यावर लिहिले आहे. परंतु सभा रद्द करायलाही सभा लागते. ती येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. सुलेमानभाईंना निरोप मी स्वतः दिला आहे, तक्रारदारांनाही येथूनच कळवावे. वही त्याआधी परत मिळावी.

हा माझा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचून दाखवला, नंतर मी चष्मा लावून स्वतःही वाचला. माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. एका ठिकाणी "आरोपी" लिहिले होते, ते माझ्यासमोर खोडून "चिटणीस" केले.

सही
सौ. मथुरा दत्ताराम बाईत