पित्तरस भरून आणणारी गोळी

अमरावतीच्या दवाखान्यात माधवी नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको बोलत होते.

“गिळली का गोळी?” बायकोनं विचारलं.

“गिळली. आता ते आतड्यातला पित्तरस भरून घेते. संडासातून पडली का धुऊन आणून द्याची. त्यातलं पित्ताम्ल मोजतेत, जुलाब त्याच्यानंच होते का ते पाहाले.”

“पित्ताची थैली काढल्यापासून जुलाब होऊन राहिले, अन् मले आज सांगता?”

“लाज वाटे.”

“म्हणून माह्या भावाकडं येत नव्हते?”

“त्याच्या घरी पंधरा मानसं, अन् संडास एक.”

“मले वाटलं, दादाच तुमाले काही बोलला. मी त्याच्यासंग भांडली. राखीबी नाही बांधली.”

“मले काय मालूम?”

माधवीचा नंबर पुकारला, तरी ती उठली नाही. शेजारच्या बाईनं फोन लावला होता.

“दादा, मी मैना. फोन ठेवू नको.”