डबा रिकामा द्यायचा नसतो

इथे जर्मनीत, हार्त्स डोंगरातल्या त्या इटालियन आजींचं मी तुम्हाला सांगितलंच नाही का? त्या छोट्या गावात खाणीत कामाला आलेली इटालियन माणसं तिथलीच होऊन गेली. आजींचं तिथे आइसक्रीमचं दुकान. गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या वोल्फ्सबुर्ग शहरातून तिथे फिरायला गेलो, तर निघताना त्यांनी मला डबाभर बिस्किटं दिली. "डबा घेऊन परत ये हं," म्हणाल्या.

आमचे हे म्हणायचे, "पोस्टाने पाठव की."

"अहो, रिकामा डबा कसा पाठवू?"

शेवटी वसंतात बेसनाचे लाडू भरून गेलो. दुकानात त्यांचा मुलगा खुर्च्या एकावर एक रचत होता. "आई हिवाळ्यात गेली," तो म्हणाला. "आता दुकानही बंद करतोय."

मी डबा पुढे केला. त्याने उभ्याउभ्याच एक लाडू खाल्ला, बाकीचे ताटलीत काढले आणि डबा धुतला. मग फळीवर उरलेले, आइसक्रीमवर खोचायचे वेफर त्यात भरून मला दिला.

"आई म्हणायची, डबा रिकामा द्यायचा नसतो."

वेफर संपले. परवा सवयीने मी त्यात पुन्हा लाडू भरले, आणि झाकण लावताना आठवलं, न्यायचा कुणाकडे?