कायमचा पत्ता

नोटरीकडे आपला नंबर येण्याची वाट बघत शिंपीणबाई बाकावर बसली होती. शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं नको म्हटलं तरी तिच्या कानावर पडत होतं.

"अहो, सही करण्याआधी वाचा तरी."

"त्यात काय वाचायचं? पोरगं परदेशात घर घेतंय, पैसे आपण दिले, म्हणून तिथल्या बँकेला आपलं पत्र हवंय."

"तरी वाचा."

"दिलेली रक्कम ही भेट आहे. आम्ही ती परत मागणार नाही."

"मागतंय कोण! पुढे?"

"पुढे नेहमीचंच."

"पुढे काय, अहो?"

"त्या घरावर आमचा हक्क नाही. आम्ही तिथे राहायला जाणार नाही."

"राहायला जाणार नाही?"

"अगं, नुसती कागदोपत्री रीत असते. तोच म्हणाला फोनवर."

"म्हणजे त्यानं वाचलंय."

"त्यानंच तर पाठवलंय."

"तिथल्या आपल्या खोलीच्या खिडकीचं माप त्याच्याकडे मागून दोन महिने झाले. पडदे शिवून नेणार होते मी."

"करू ना सही?"

"करा. नाही म्हणून आता जायचं कुठे?"

"केली. खाली आपला कायमचा पत्ता मागतायत."

"एक तारखेला तर आपल्या घराच्या किल्ल्या द्यायच्यात नव्या मालकाला."

"म्हणून तर विचारतोय. कुठला लिहू?"