कंटेनर बदला!

पडेगावात आम्ही टँकरच्या गढूळ पाण्यावर दिवस काढत होतो, तेव्हाची गंमत ऐका. इम्रानभाईचा व्हिडिओ टीव्हीवर का चालत नाय, यावरून आम्हा दोस्तांच्या मोबाईलवरल्या ग्रुपवर आमची लई जुंपली होती. व्हिडिओ ज्या फाइलमधी भरलेला असतो, तिला कंटेनर म्हणतात. मी तावातावानं लिहिलं, "आतला माल चांगलाय, कंटेनरच खराब आहे. आजच्या आज बदला!"

अन् मेसेज गेला कॉलनीच्या पाण्याच्या ग्रुपवर!

धडाधड अंगठे आले. शेजारच्या काकूंनी लिहिलं, "व्हय, मी कवाची म्हणतेय!" तेवढ्यात त्याच ग्रुपवर असलेल्या टँकरवाल्याचाच फोन, "साहेब, टँकर नका बदलू! उद्या टाकी आतून घासून आणतो."

दुसऱ्या दिवशी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा भरलेल्या बादलीचा तळ दिसला.

इम्रानभाई अजून विचारतो, "मेरा कंटेनर कब बदलेगा, भाई?"