पुस्तकांच्या खोलीवर चढाई

...नाही, तुम्हीच सांगा, माणसानं वाचावं की नाही वाचावं? मी काय दारू पितो? पत्ते कुटतो? सकाळी चहाबरोबर आपला इतिहास, म्हणजे सुलतान, पातशहा, फाळण्या... दुपारी जगाचं राजकारण, कोण कुणाचं तेल अडवतंय, कोण कुणाला दम देतंय... आणि संध्याकाळी एखादी जुनी जाडजूड कादंबरी, जिच्यात नायिकेला आलेलं पत्र उघडायलाच दोन प्रकरणं लागतात! तिन्ही एकदम चालू. आता सरमिसळ होते कधीकधी, कबूल! मागे ऑफिसात साहेबांना म्हणालो, 'तुमची गत शेवटच्या झारसारखी होणार,' तर स्वारी खूश! चहा पाजला मला! त्या झारला गोळ्या घातल्या होत्या, पण वाचत नाहीत ना...

तर सांगत काय होतो, आमच्या हिचं फर्मान निघालं. 'रविवारी माझा भाऊ त्याचं ते धावायचं यंत्र आणतोय, त्याच्या घरात मावत नाही. तुमच्या पुस्तकांच्या खोलीत ठेवू. पुस्तकं रद्दीत!' रद्दीत! अहो, पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तकं ती! वर मेव्हण्याचा फोन, 'भाऊजी, हल्ली सगळं मोबाइलवर मिळतं की!' मग धाव की मोबाइलवर!

पण मी भांडलो नाही. का? वाचलंय ना! समोरचा बलाढ्य असला की मैदानात उतरायचं नाही, वाटाघाटीला बसवायचं. मी म्हटलं, 'तू म्हणशील ते रद्दीत. एकच अट. प्रत्येक पुस्तकाची दोन पानं वाचायची आणि मग फेकायचं. चौकशीशिवाय फाशी नको.' ही म्हणाली, 'दोनच ना? आत्ता उरकते!' आणि कंबर कसून बसली.

दोन पानं झाली... चार झाली... गॅसवर दूध उतू गेलं, हिला पत्ता नाही! 'अहो, हा तर गादीसाठी सख्ख्या भावाला मारतोय! आणि बापाला कोंडून ठेवतोय!' मी गप्प. दुसऱ्या दिवशी, 'अहो, हे गोरे नुसती वखारीपुरती जागा मागायला आले होते? आणि राजानं दिली?' मी गप्पच. माणसानं वाचावं की नाही? वाचावं, आणि वेळेवर तोंड मिटून बसावं!

रविवार उजाडला. मेव्हणा हजर! मागे यंत्र, यंत्राखाली वाकलेले दोन हमाल, आणि दारात आमची ही, पुस्तकात बोट घालून उभी. तो म्हणतो, 'ताई, सरक ना. एवढीशी जागा पुरे मला.'

'एवढीशी? वखारीलाही एवढीशीच मागितली होती! मग राहिले किती? सव्वातीनशे वर्षं!'

'कोण राहिलं, ताई?'

'आज यंत्र ठेवशील, उद्या यंत्राच्या रक्षणाला म्हणून स्वतः येशील, आणि परवा आमच्याच घरात आमच्याकडून कर घेशील!'

बिचारा माझ्याकडे वळला, 'भाऊजी, ताईला बरं नाही का?'

मी म्हटलं, 'मला विचारू नकोस. मी अलिप्त राष्ट्र आहे.'

आणि तुम्हाला सांगतो, यंत्र आलं तसं जिना उतरलं! खिडकीतून ती माघार घेणारी फौज बघताना छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. जिंकलो! एक पुस्तक जागचं हललं नाही! माणसानं वाचावं की नाही? अहो, वाचावं आणि बायकोलाही वाचायला लावावं!

आता ही माझ्यापेक्षा जास्त वाचते. पण हिची एक तऱ्हा आहे... शेवटचं पान आधी! 'उगाच जिवाला घोर नको,' म्हणते. बरं, वाच बाई, पण मनात ठेव! काल मी कादंबरीत रंगलोय, नायक गलबतावर गेलाय, नायिका रोज बंदरावर येऊन उभी राहतेय, माझे डोळे भरून आलेले... आणि ही मागून जाता जाता खांद्यावरून डोकावली, 'अजून इथेच का? बुडतो हो तो.'

माणसानं वाचावं की नाही?... वाचावं हो. अर्धवट तर टाकवत नाही. निम्मं पुस्तक उरलंय, आणि मी रोज संध्याकाळी त्या पोरीशेजारी बंदरावर उभा, बुडालेल्या माणसाची वाट बघत!